माळवदावरची काळी माती

परभणीहून गंगाखेडला येणारी गाडी गोदावरीचा पूल ओलांडते तेव्हा डब्यातली म्हातारी माणसं अजूनही हात जोडतात. आमच्याकडं नदीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. २०१६ च्या एप्रिलात मी त्या पुलावरून आलो तेव्हा खाली गंगा नव्हतीच. वाळू होती, मधे मधे हिरवट डबकी होती. शेजारच्या बाईनं सवयीनं खिडकीतून रुपया टाकला, तो वाळूत पडला असणार.

मी निघालो होतो आखाडा दुरुस्त करायला. घरी तसंच सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी की माझ्या पिशवीत विक्रीच्या कागदाचा मसुदा होता. शहरातला एक गिऱ्हाईक आमच्या आखाड्यावर डोळा ठेवून होता. तळ्याच्या काठाला घर, मागं रान, पुढं डोंगर. त्याला ते फार्महाऊससाठी हवं होतं. चुलतभाऊ तयार होते, मीही तयार होतो. अडून बसले होते फक्त मोठे काका. तेव्हा ठरलं असं की, आधी घर जरा नीट करायचं म्हणजे भावही बरा येईल, आणि त्या निमित्तानं चार दिवस काकांसोबत राहून त्यांना पटवायचं. काका माझं ऐकतात म्हणून हे काम माझ्याकडं आलं.

आखाडा हा शब्द बाहेरच्या माणसाला कुस्तीचा वाटतो. परभणी, हिंगोलीकडं आखाडा म्हणजे शेतातली वस्ती. एखादं घर किंवा खोपट, जनावरांचा कोठा, कडब्याची गंजी, विहीर, पाण्याची डोण, एक लिंबाचं झाड. माणसं गावात राहतात, पण शेताचा जीव आखाड्यावर असतो. आमचा आखाडा गंगाखेडच्या दक्षिणेला, बालाघाटाच्या डोंगररांगा सुरू होतात त्या बाजूला. गंगेकाठची सपाट काळी जमीन मागं पडली की राणीसावरगाव, पिंपळदरीकडं जाताना जमीन उचलत जाते, माती पातळ होते, दगड वर येतो. पळस, सीताफळ, धावडा, बोरी, बाभळी. शेवटचे तीन किलोमीटर रस्ता नाही, गाडीवाट आहे. पावसाळ्यात तीही नाही.

त्या वाटेनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पोचलो. काका लिंबाखाली बाजेवर बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. काकू गेल्यापासून ते गावातलं घर सोडून इथंच राहत होते.

“कामून आलास रं? घर बांधायला का मोडायला?”

“दुरुस्त करायला, काका.”

“हां,” एवढंच म्हणाले आणि चिलमीकडं वळले.

घर बघून माझंच मन खट्टू झालं. तीन खणांचं दगडमातीचं घर, वर माळवद. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भिंती दगडाच्या, पण छपराचा भार भिंतीवर कमी आणि आतल्या लाकडी खांबांवर जास्त. खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर सर, सरांवर जवळजवळ बसवलेल्या किलच्या. त्यावर तुराट्या किंवा पाला अंथरायचा, चिखल थापायचा आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात या घरात पंखा लागत नाही. वर रात्री झोपायला अंगणासारखी जागा. मधे उजेडासाठी आणि धूर जायला एक भोक ठेवतात, त्याला साणं म्हणतात. मराठवाड्यातली गावंच्या गावं अशा घरांची होती.

आमच्या माळवदाला मधोमध झोळ आला होता. एक तुळई वाळवीनं पोखरली होती. बोटानं दाबली तर भुसा पडे. मागच्या भिंतीला पोट सुटलं होतं. घरात जिथं तिथं पितळी टोपली, जर्मनची पातेली मांडलेली, एप्रिल महिन्यात. “पाऊस कवा येईल सांगता येतंय का?” काका म्हणाले.

आणि समोर तळं. म्हणजे तळ्याची जागा. भेगाळलेला तळ, त्यावर गुरांच्या वाटा आणि मधे एक दगडी गोल. ती आमची जुनी विहीर. मी चाळीस वर्षांत ती कधी पाहिली नव्हती. तळ्यात विहीर आहे हे ऐकून होतो, जशी माणसं गोष्टीतली बुडालेली देवळं ऐकून असतात. त्या उन्हाळ्यात ती उघडी पडली. तिच्या कडेला शेताचे जुने बांध मातीखालून फासळ्यांसारखे दिसत होते.

या जमिनीची कथा थोडी सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. देशाला १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य मिळालं, आम्हाला १७ सप्टेंबर १९४८ ला. मधल्या तेरा महिन्यांत रझाकारांच्या भीतीनं माणसं गाव सोडून वऱ्हाडाच्या हद्दीकडं गेली. ज्यांना जाता आलं नाही ती रानात दडली. माझे आजोबा तेव्हा एका देशमुखाची ही डोंगरकडची जमीन कुळानं कसत होते. त्या वर्षी त्यांनी गावातली ज्वारी पेवातून काढून इथं आणली, आणि बायकापोरांना घेऊन खोपटात राहिले. काका तेव्हा दहा वर्षांचे. रात्री चूल पेटवायची नाही, उजेड दिसला तर कुणीतरी येईल, ही त्यांची त्या काळाची पहिली आठवण. लहान पोराला इतिहास असाच कळतो, भाकरी गार मिळण्यातून.

पुढं १९५० साली हैदराबादचा कूळ कायदा आला. कसणाऱ्याला संरक्षण मिळालं, जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला. आजोबांनी बैल विकून, दागिने मोडून, हप्त्याहप्त्यानं ही जमीन नावावर करून घेतली. जुने कागद उर्दूत. १९५४ च्या खासरा पत्रकात आजोबांचं नाव आलं तो कागद काकांनी पत्र्याच्या डब्यात अजून ठेवला आहे. जमीन स्वतःची झाल्यावर आजोबांनी खोपट मोडलं आणि हे घर बांधलं. सागवानी खांब एका पडक्या वाड्यातून आणले. कुळाच्या घरात सागाचे खांब, ही गोष्ट तेव्हा गावात बोलली गेली होती म्हणतात.

वीस वर्षं बरी गेली. मग १९७२ आलं.

त्या दुष्काळाबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण आमच्या घरात काळाची मोजणी आजही बहात्तरच्या अलीकडं आणि पलीकडं अशीच होते. १९७० पासून पाऊस कमी होत आला आणि बहात्तरला त्यानं पाठच फिरवली. पेरलेलं उगवलं नाही. दुष्काळी कामं निघाली. खडी फोडणं, रस्ते, नालाबंडिंग, तलाव. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं या कामांवर होती. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनला मिळे. कामावर सुकडी वाटत. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला याच काळात बळ आलं. १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला, आणि २००५ साली त्याच वाटेनं देशाचा कायदा झाला. जगात कुठंही सरकारनं गरिबाला मागेल त्याला काम द्यायचं म्हटलं की अभ्यासक महाराष्ट्राकडं बोट दाखवतात. पण त्या पन्नास लाखांत एक माझी माय होती, हे मला आधी कळलं आणि कायदा पुढं कॉलेजात कळला.

माय तेव्हा बावीस वर्षांची, लग्न होऊन आलेली. आमच्या शेताच्या ओढ्यावर पाझर तलाव मंजूर झाला आणि माय त्या कामावर गेली. सासऱ्याच्या शेतात, रोजानं, डोक्यावर माती वाहायला. तीन रुपये रोज, असं ती सांगते. बुडीत क्षेत्रात आमची चार एकर गेली, सगळ्यात चांगली काळी, विहिरीसकट. तिचा मावेजा या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिला आणि हातात पडला तेव्हा आजोबा नव्हते.

म्हणून एकाच तळ्याबद्दल आमच्या घरात दोन मतं. काका म्हणत, “तळ्यानं आमचं रान खाल्लं.” माय म्हणे, “तळ्यानं आमाला खाऊ घातलं.” दोघं हे एकमेकांना कधी म्हणाले नाहीत. आमच्याकडं धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन, भिंतीआडून, पोरांच्या तोंडून निरोप जातात. “भाऊजींना म्हणावं जेवण झालंय.” “त्यांना म्हणावं येतो.” चव्वेचाळीस वर्षं हा तळ्याचा वाद पोरांच्या तोंडून चालला, आणि निरोप नेता नेता आम्ही म्हातारे व्हायला आलो.

काम सुरू झालं. गावातला म्हातारा गवंडी, त्याचा मुलगा, एक सुतार, दोन गडी आणि आम्ही तिघं चुलतभाऊ. पाणी बॅरलनं आणायचं. तळ्याकाठच्या घराला पाणी सहा किलोमीटरवरून, यावर सगळे हसले आणि लगेच गप्प झाले. लाकूड रानात उभं दिसत होतं, पण ते वनखात्याचं. त्याला हात लावायचा नाही. बांधावरच्या आमच्याच दोन बाभळी तोडल्या.

आधी छपराला आतून टेकू दिले, मग वर चढून माती उतरवायला सुरुवात केली. मला वाटलं होतं वीतभर माती असेल. गवंड्यानं कडेला टिकाव घातला आणि पाळं आत गेलं तरी किलची लागेना. मोजलं तर सव्वादोन फूट.

“एवढी माती? घर उभं कसं राहिलं?” मी विचारलं.

“सागाचे खांब हायेत म्हणून,” गवंडी म्हणाला. “दरसाल गळतं, दरसाल वर माती टाकतात. कुणी काढत न्हाई. माती टाकायला एक दिवस लागतो, काढायला आठ.”

कापलेल्या कडेला थर स्पष्ट दिसत होते, केळीच्या खोडासारखे. वरची पांढरी, तिच्याखाली जरा पिवळट पांढरी, मग आणखी एक. आणि अगदी तळाच्या अलीकडं, दोन पांढऱ्या थरांच्या मधे, हातभर काळी माती.

गवंड्यानं ती चिमटीत घेतली, थुंकी लावून चोळली, आणि खाली बघून ओरडला, “मालक, काळी माती कुणी टाकली हो माळवदावर?”

काकांनी उत्तर दिलं नाही. उठले आणि काठी टेकत पाळीकडं चालायला लागले.

गवंड्याचं आश्चर्य समजून घ्यायला हवं. गावगाड्यात काळी आणि पांढरी असे जमिनीचे दोन भाग. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. नुसतं बोलण्यापुरतं ते नाही. जुन्या वस्तीची पांढरी माती चिकट कमी, पाण्यानं फुगत नाही, वरचं पाणी ओघळून पन्हाळीतून निघून जातं. काळी मात्र पाण्यानं फुगते आणि उन्हानं फाटते. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो. ती छपरावर घालणं म्हणजे छपराला दरवर्षी आतून चिरणं. आमचं घर का गळत होतं, का दरवर्षी नवी पांढरी टाकावी लागत होती, का छप्पर सव्वादोन फुटांचं झालं, सगळ्याचं मूळ त्या हातभर थरात होतं. आणि काका काही अडाणी शेतकरी नव्हते. ज्यानं आयुष्य मातीत काढलं त्याला हे माहीत नसेल?

संध्याकाळी ते परत आले. जेवले नाहीत. गवंडी म्हणाला, सगळी माती उतरवावी लागेल, वर पत्रे टाका, सुटाल. चुलतभावांनाही पत्रे पटले. काका एकच म्हणाले, “काळीला हात लावायचा न्हाई.”

दोन दिवस काम थांबलं. तिसऱ्या दिवशी मी गावातून मायला घेऊन आलो. तिला बघितल्यावर काका बाजेवरून उठून लिंबाच्या पलीकडं गेले, रीतीप्रमाणं. माय शिडीजवळ आली. ती सहासष्ट वर्षांची, गुडघे गेलेले. वर चढली नाही. उतरवलेल्या मातीच्या ढिगातून काळीचं ढेकूळ उचललं, फोडलं, वास घेतला.

“ही विहिरीजवळची हाय,” ती म्हणाली. “तिथली अशीच होती.”

मग तिनं पदर नीट केला आणि झाडाकडं तोंड करून, पोरांच्या मध्यस्थीशिवाय, थेट म्हणाली, “भाऊजी, सांगा लेकरांना. न्हाईतर मी सांगते.”

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग पाठमोरेच बोलायला लागले.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पाळ पुरी होत आली होती. पावसाळ्यात शेत बुडणार हे नक्की. आजोबा रोज तिथं जाऊन बसत. एका रात्री त्यांनी काकांना उठवलं, बैलगाडी जुंपायला लावली आणि विहिरीजवळची माती गाडीत भरायला लागले. कुठं न्यायची विचारलं तर बोलेनात. दुसरं शेत खडकाळ, त्यावर पसरायची तर चार गाड्यांनी काय होणार. बापलेकांनी सात रात्री माती वाहिली. आणि आजोबांनी ती माळवदावर टाकायला लावली. काका म्हणाले होते, “आबा, काळी हाय ही, गळंल.” आजोबा म्हणाले, “गळू दे. डोक्यावर राहील.”

त्या पावसाळ्यात तळं भरलं. घर गळायला लागलं. दोन वर्षांत आजोबा गेले. काकांनी वरून पांढरी टाकली, पुन्हा टाकली, टाकत राहिले. खालची काळी काढायची म्हणजे बापाचा हात काढायचा, असं त्यांना वाटे. हे त्यांनी काकूलाही नीट सांगितलं नव्हतं.

“मला ठाऊक होतं,” माय म्हणाली. “दिवसा मी पाळीवर माती टाकायची, रातच्याला गाडीचा आवाज ऐकायची.” थोडं थांबून म्हणाली, “पाळीच्या पोटात कुठली माती हाय, भाऊजी? तीबी हीच. आपल्याच रानाची. आमच्या डोस्क्यावरून गेली.”

हे मात्र मला नवीन होतं. मातीच्या धरणाला मधे चिकण काळ्या मातीचा गाभा भरतात, बाहेरून मुरमाचं कवच आणि वर दगडी पिचिंग. काळी माती पाण्यानं फुगते म्हणूनच तिथं कामाला येते. फटी बुजवते, पाणी अडवते. छपरावर जी खोड ठरते तीच पाळीत गुण. पाझर तलावाची भिंत पाणी धरते आणि तळ ते हळूहळू जमिनीत सोडतो, खालच्या अंगाच्या विहिरींना ते लागतं. पाळीखाली काकांनी पुढं नवी विहीर खोदली, ती याच पाण्यावर चालली. माझं शिक्षण त्या विहिरीवरच्या गव्हावर आणि उसावर झालं.

काका वळले नाहीत. पण म्हणाले, “हां. ते खरं हाय.” चव्वेचाळीस वर्षांत मायला त्यांनी दिलेलं ते पहिलं सरळ उत्तर.

गंगाखेड संत जनाबाईंचं गाव. गंगेच्या काठी तिचं देऊळ आहे. दळण, कांडण, शेण, पाणी, सगळं घरकाम तिनं अभंगात आणलं, म्हणून सातशे वर्षांमागचं एका दासीचं काम आपल्याला ठाऊक आहे. मायच्या कामाची नोंद कुठं? हजेरीपटावर अंगठा होता, तो कागद कधीच गेला असणार. राहिली ती पाळ.

तरीही घराचा प्रश्न होताच. मी भावनेनं म्हणालो, ठेवू या काळी तशीच. तेव्हा माय माझ्यावर चिडली. “किल्लारी इसरलास का?”

विसरण्यासारखं नव्हतंच ते. १९९३ चा ३० सप्टेंबर, पहाटेचे चार वाजायला आलेले. आदल्या दिवशी गणपती बुडवलेले. मी परभणीला कॉलेजात होतो, खाटेसकट हललो. सकाळी रेडिओवर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांची नावं यायला लागली. हजारो माणसं गेली, आणि बहुतेक गेली ती आपल्याच घराखाली. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांतले आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत न गुंतलेले, आणि वर वर्षानुवर्षं चढत गेलेली माती. भिंती फाकल्या आणि छपरं खाली आली. त्यानंतर मराठवाड्यात माणसं महिनोन्‌महिने अंगणात झोपली. ज्याला जमलं त्यानं माळवद काढून पत्रे टाकले. आमचं गावातलं घरही तेव्हाच पत्र्याचं झालं. आखाड्याकडं कुणी बघितलं नाही.

त्या भूकंपानंतर जुन्या घरांसाठी ज्या सूचना आल्या होत्या त्या गवंड्याला तोंडपाठ होत्या. तो तेव्हा लातूरकडं दुरुस्तीच्या कामांवर जाऊन आलेला. छपराची माती कमी करा. भिंतीत थोड्या थोड्या अंतरावर आरपार दगड घाला, म्हणजे आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून राहील. खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे आधार ठोका. माळवद वाईट नाही, त्याचं ओझं वाईट, असं तो म्हणाला. पत्र्याखाली मे महिन्यात काका भाजून निघतील हेही त्यानंच सांगितलं.

शेवटी ठरवलं कुणी म्हणाल, तर मायनं. सगळी माती उतरवायची. काळी वेगळी ठेवायची. पुन्हा माळवदच करायचं, पण वीतभर पांढरीचं. आणि काळी फेकायची नाही, पाळीखालच्या शेतात न्यायची. “रानाची माती रानात जाऊ द्या,” ती म्हणाली. “आबांनी रानासाठीच काढली व्हती.” काकांनी मान हलवली.

पुढचा महिना कसा गेला कळलं नाही. सकाळी पाच ते दहा काम, दुपारी लिंबाखाली झोप, पुन्हा चार ते दिवस मावळेपर्यंत. मागची भिंत निम्मी उतरवून पुन्हा रचली. हात-दोन हात लांबीचे दगड शोधायला आम्ही ओढ्याच्या पात्रात फिरलो. वाळवीची तुळई काढून बाभळीची घातली. सागाच्या खांबांना तेल पाजलं. त्यांना काहीही झालं नव्हतं. किलच्यांवर तुराट्या, त्यावर चिखल, मग प्लॅस्टिकचा कागद. गवंड्याला तो कागद आवडला नाही, पण आम्ही भावांनी हट्ट धरला.

पांढरी आणली ती गावातल्या गढीची. ज्या देशमुखाचे आजोबा कूळ होते, त्याची गढी आता मातीचा उंचवटा आहे. वारस शहरांत आहेत. गाव पिढ्यान्‌पिढ्या तिची माती नेऊन घरांवर टाकत आलं आहे. वारसांना फोनवर विचारलं, ते म्हणाले, न्या. ट्रॉली भरताना धाकटा चुलतभाऊ म्हणाला, “आबा असते तर हसले असते.” काका म्हणाले, “आबा हसत नसायचे.”

काळी माती आठ ट्रॉल्या भरली. शेवटच्या ट्रॉलीवर काका स्वतः बसून गेले. पाळीखालच्या रानात ती पसरली तेव्हा लक्षात आलं की, एवढ्या मातीनं कसंबसं अर्धा गुंठा झाकला. सात रात्रींची मेहनत, त्रेचाळीस वर्षांचं गळणं, आणि अर्धा गुंठा. काकांनी तिथं वाफा केला आणि कांदे लावायचं ठरवलं.

मृग लागायच्या आधी काम संपलं. मी निघालो त्या सकाळी काकांनी विचारलं, “तो कागद दावला न्हाईस.” त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी पिशवीतून मसुदा काढून दिला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, घडी घातली आणि उर्दू कागदांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिला. “मी गेल्यावर बगा,” म्हणाले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. गिऱ्हाईकानं दुसरीकडं जमीन घेतली. आमच्यात विकायचा विषय अजूनही दर दिवाळीला निघतो. तो निघणार नाही असं मी लिहिलं तर खोटं होईल.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. सप्टेंबरच्या शेवटी तर मराठवाड्यात असा कोसळला की दुष्काळाच्या बातम्यांच्या जागी पुराच्या बातम्या आल्या. तळं सांडव्यावरून वाहायला लागलं, विहीर पुन्हा पाण्याखाली गेली. दोन दिवस काकांचा फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी लागला.

“काका, गळलं का?”

“एक टिपकाबी न्हाई.”

“मग बरं झालं की.”

“काय बरं?” ते म्हणाले. “झोपच येईना. टोपल्यात टपटप व्हायची, त्यावर डोळा लागायचा. काल रातच्याला उठून एक टोपलं भाईर वळचणीला नेऊन ठेवलं. तवा कुठं झोप लागली.”